रोज सकाळी नवी होणारी कृपा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला बायबल-अभ्यासात, प्रार्थनेनंतर दाराशी थांबून आणि बहुतेकदा आजारी माणसाच्या उशाशी बसून विचारले गेले. काही तर मीच स्वतःला विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत संपणारे नाहीत.

कृपा म्हणजे नेमकं काय? दया आणि कृपा एकच का?

दोन्ही शब्द एकमेकांना लागूनच येतात, पण अर्थाची छटा वेगळी आहे. शिक्षेला पात्र असताना शिक्षा टळते, ती दया. जे मिळण्याचा काहीच हक्क नव्हता ते हातात पडतं, ती कृपा. नव्या कराराचा ग्रीक शब्द आहे ‘खारिस’. त्याच्या पोटात देणगीही आहे आणि देणाऱ्याची प्रसन्नताही. जुन्या करारात त्याच्या जवळ जाणारा हिब्रू शब्द ‘हेसेद’ : एकदा दिलेल्या वचनाला धरून राहणारं, समोरच्याने ते मोडलं तरी न मोडणारं प्रेम. माझ्या मते रोजच्या कृपेचा विचार करताना हा दुसरा शब्द जास्त उपयोगी पडतो.

कृपा ‘नवी’ होते, म्हणजे कालची संपलेली असते का?

हा प्रश्न जुन्या करारातल्या विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातून येतो. परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते, असं तिथे म्हटलं आहे. आपण हे वचन शुभेच्छापत्रांवर इतक्या वेळा वाचलेलं असतं की ते कुठे लिहिलं गेलं याचा विसर पडतो. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं. त्या राखेत उभं राहून केलेलं हे रडणं आहे. पण ते सैरभैर रडणं नाही. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं. तिसऱ्या अध्यायात ६६ ओव्या, आणि प्रत्येक अक्षराच्या वाट्याला तीन-तीन. कवी अक्षराला धरून एकेक पाऊल टाकत जातो, अंधारात भिंतीला हात लावून चालावं तसा. ‘हेथ’ या आठव्या अक्षरापाशी पोचल्यावर पहिली ओवी सुरू होते ती हेसेदच्याच अनेकवचनाने, दुसरी ‘हदाशीम’ म्हणजे ‘नव्या’ या शब्दाने, आणि तिसरी ‘माझा वाटा’ या शब्दाने : परमेश्वर माझा वाटा आहे. त्याच अक्षराच्या पहिल्या ओवीत करुणेसाठी ‘रहमीम’ हा शब्द आहे. त्याचं नातं ‘रेहेम’, म्हणजे आईचं उदर, या शब्दाशी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. कालची कृपा आटली म्हणून आज नवी भरावी लागते, असं इथे म्हटलेलं नाही. तिला खंड पडत नाही, आणि म्हणूनच ती रोज नवी आहे. आईची माया संपून पुन्हा सुरू होत नसते, तरी आज बाळ रडलं की ती आज उठते. कालचं उठणं आजच्या रडण्याला चालत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात ‘कृपेवर कृपा’ असे शब्द आहेत (१:१६). आपल्या भाषेत ते एकावर एक रचल्यासारखे ऐकू येतात. ग्रीकमध्ये तिथे ‘अन्ति’ हे अव्यय आहे, आणि त्याचा नेहमीचा अर्थ ‘च्या जागी’. एक कृपा सरते तिथे दुसरी उभी असते. मधे रिकामी जागा राहत नाही.

माझं तारण एकदाच झालं ना? मग रोज काय नवं व्हायचं राहिलं?

येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्राने आधी साफ नकार दिला, आणि मग एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणाला, माझे हातही धुवा आणि डोकंही. येशूने त्याला सांगितलं की ज्याची आंघोळ झाली आहे त्याला पाय धुण्याखेरीज गरज नाही (योहान १३:१०). माझ्या लेखी तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात आहे. आंघोळ एकदा झाली. ती खोटी ठरली म्हणून पाय धुवायचे नसतात. आपण रस्त्यावरून चालतो आणि धूळ लागते, म्हणून धुवायचे.

इफिसकरांस पत्रात दोन्ही गोष्टी आहेत. दुसऱ्या अध्यायात ‘कृपेनेच तुमचे तारण झालेले आहे’ असं झालेल्या गोष्टीचं क्रियापद आहे. पाचव्या अध्यायात आत्म्याने परिपूर्ण होण्याची आज्ञा आहे, आणि तिथलं ग्रीक क्रियापद चालू क्रियेचं आहे : परिपूर्ण होत राहा. मंडळ्यांमधूनही हे दिसतं. बाप्तिस्मा एकदा होतो आणि प्रभुभोजनाचं मेज पुन्हा पुन्हा मांडलं जातं. जन्म एकदा, जेवण रोज.

काल प्रार्थनेत भरून आलं होतं. आज पुन्हा कोरडाच. कालचं आज का पुरत नाही?

निर्गमाचा सोळावा अध्याय सावकाश वाचा. मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, पडतो. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर. कोणी जास्त गोळा केला, कोणी कमी, पण मापून पाहिलं तर कोणाकडे उरला नाही आणि कोणाला कमी पडला नाही. उद्यासाठी ठेवू नका असं सांगूनही काहींनी ठेवला. सकाळी त्यात किडे पडले होते आणि घाण वास सुटला होता. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा केलेला तोच मान्ना दुसऱ्या दिवशीही चांगला राहिला. म्हणजे दोष मान्न्यात नव्हता. देव म्हणाला तेव्हा तो टिकला, आणि माणसाने धास्तीने साठवला तेव्हा सडला.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. एक ओमरभर मान्ना पात्रात घालून परमेश्वरासमोर ठेवायला सांगितलं गेलं, पुढच्या पिढ्यांना दिसावा म्हणून. तो खायचा नव्हता. कालचे अनुभव आपण असेच ठेवावेत, असं मला वाटतं. साक्ष म्हणून दाखवावेत, मुलाबाळांना सांगावेत, पण आजची भूक त्यांच्यावर भागवायला जाऊ नये.

माझे वडील शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळून होते. एका दिवशी सकाळी मी शांत बसून स्तोत्र वाचलं होतं, मन अगदी तृप्त होतं. त्याच रात्री तीनच्या सुमाराला दुसऱ्यांदा चादर बदलायची वेळ आली आणि मी त्यांचा हात जरा जोरानेच ओढून बाजूला केला. ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हातावर पाणी घेत तसाच उभा राहिलो. सकाळचं स्तोत्र आठवत होतं, पण ते माझ्या काही कामाचं नव्हतं. ‘प्रभू, आत्ता,’ एवढंच तोंडातून निघालं. परत आलो, चादरीचं टोक गादीखाली खोचायला वाकलो, तर बाबांनी आपला खांदा दोन बोटं वर उचलून धरला होता. मला सोपं जावं म्हणून. तेवढंच त्यांना जमत होतं.

सकाळची कृपा खोटी नव्हती. ती सकाळची होती. रात्री तीनची वेगळी मिळाली, आणि ती ज्याची सेवा करतो असं मला वाटत होतं त्याच्याच हातून मिळाली.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या प्रार्थनेत ‘रोजची’ या जागी असलेला ग्रीक शब्द, ‘एपिऊसिओस’, नव्या करारात या प्रार्थनेपलीकडे कुठेच येत नाही. त्याचा नक्की अर्थ कोणता, आजची, गरजेपुरती की येणाऱ्या दिवसाची, यावर विद्वान अजून बोलत आहेत. पण ‘आज दे’ याबद्दल कोणाचाच वाद नाही.

कृपा फुकट आहे, तर मग प्रार्थना, वचन, उपास हे सगळं कशाला?

लेवीय सहाव्या अध्यायात वेदीवरच्या अग्नीचा नियम आहे : तो विझू द्यायचा नाही आणि याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडं रचायची. तीन अध्याय पुढे गेलात की तो अग्नी आला कुठून ते कळतं. तो परमेश्वरासमोरून निघाला होता (९:२४). याजकाने तो पेटवलेला नव्हता. तरी पहाटे उठून लाकडं त्यालाच आणावी लागत. प्रार्थना म्हणजे ती लाकडं. लाकडं रचली की अग्नीवर आपला हक्क झाला असं होत नाही. पण लाकडंच न रचता थंडी वाजते अशी तक्रारही करता येत नाही.

प्रेषित पौलाने हे स्वतःबद्दल उघड सांगितलं आहे : मी जो आहे तो कृपेने आहे, मी इतरांपेक्षा जास्त श्रम केले, तरी ते मी नव्हे, माझ्याबरोबर असणाऱ्या कृपेने केले (१ करिंथ १५:१०). श्रम नाकारले नाहीत आणि श्रेयही घेतलं नाही.

हा वाद मंडळीत फार जुना आहे. पेलाजियस या धर्मशिक्षकाचं म्हणणं असं होतं की माणूस स्वतःच्या इच्छेच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. बिशप ऑगस्टीनने त्याला आयुष्याच्या अखेरपर्यंत उत्तर दिलं. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ठरवलेला एक मुद्दा आपल्या विषयाला थेट भिडतो : कृपा फक्त झालेल्या पापांच्या क्षमेसाठी आहे आणि पुढे पाप घडू नये म्हणून मदत करत नाही, असं शिकवणं चूक आहे. ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने आणखी मागे जाऊन सांगितलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. तेव्हा सकाळी प्रार्थनेला बसावंसं तुम्हाला वाटलं, तर ते वाटणंही दिलेलंच आहे.

मला काहीच जाणवत नाही. कृपा माझ्यापासून निघून गेली का?

जाणवणं आणि असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सांगायला सोपं आणि सोसायला अवघड आहे, म्हणून मी एलीया संदेष्ट्याकडे बोट दाखवतो (१ राजे १८-१९). कर्मेल डोंगरावर अग्नी उतरताना पाहिलेला हा माणूस पुढच्याच अध्यायात रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येऊन त्याला खडसावत नाही. काल एवढं पाहिलंस आणि आज हे काय, असं विचारत नाही. त्याला शिवून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच सांगतो, पण या वेळी एक वाक्य जास्त : वाट तुला झेपणारी नाही.

म्हणून कोणी कोरडं पडल्याचं सांगितलं की मी आधी विचारतो : झोप होते का? जेवण नीट होतं का? कोणाशी बोलता का? देव या वाटांनीही देतो. मनावरचं मळभ अनेक आठवडे उतरत नसेल तर डॉक्टरकडे जा. त्याने विश्वास कमी ठरत नाही. भाकर आणि पाणी घेतल्याने एलीयाचा विश्वास कमी ठरला नव्हता.

तेच पाप पुन्हा झालं. कोणत्या तोंडाने परत जाऊ?

आणि हे ‘पुन्हा’ खरंच लाज वाटेल इतक्या वेळा झालेलं असतं, ते मला ठाऊक आहे.

प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्र कोळशाच्या शेकोटीशी हात शेकत उभा होता, आणि तिथेच त्याने येशूला नाकारलं. योहान त्या शेकोटीसाठी ‘अन्थ्राकिया’ हा शब्द वापरतो. नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो शेवटच्या अध्यायात. पहाट झालेली आहे, रात्रभर जाळ्यात काही लागलेलं नाही, आणि किनाऱ्यावर पुन्हा उठलेल्या येशूने कोळशाचा विस्तव पेटवला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. पेत्र भिजलेल्या कपड्यांनी त्या विस्तवाशी येतो. तोच वास, तीच धग. येशू आधी म्हणतो, या, जेवा. जेवण झाल्यावरच तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? नाकारणं तीनदा झालं होतं. एकेक जागा पुन्हा उघडली, धुतली आणि तिथेच काम सोपवलं : माझी मेंढरं चार.

‘आपण आपली पापे पदरी घेतली’ तर तो क्षमा करील, हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन (१:९) विश्वास ठेवणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे. १५१७ साली मार्टिन लूथरने जे ९५ मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच हा होता की विश्वासणाऱ्याचं अवघं आयुष्य पश्चात्तापाचं असावं, अशी प्रभूची इच्छा आहे. मला हे ओझं वाटत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. परत येण्याची वाट रोजची आहे, म्हणजे ती वापरून झिजलेली आहे, आणि तिच्यावरून आपल्याआधी अनेक जण चालून गेले आहेत.

मग पाप करायला मोकळीकच मिळाली की!

पौलाला हेच विचारलं गेलं होतं आणि त्याचं उत्तर होतं, ‘कधीच नाही’ (रोम ६). ज्याला असं विचारावंसं वाटतं त्याने कृपेला सवलत समजलं आहे. पाय धुऊन घेणारा मुद्दाम चिखल शोधत जात नाही.

वेगवेगळ्या मंडळ्या याबद्दल वेगळं शिकवतात का?

मांडणी वेगळी आहे, आणि ते फरक खरे आहेत. कॅथोलिक शिकवणुकीत सात संस्कार ही कृपेची साधनं आहेत, आणि कृपा माणसाच्या आत्म्यात वाढत जाते. लूथरचा भर असा की जुना मनुष्य रोजच्या पश्चात्तापात बुडवला जावा आणि नवा रोज वर यावा. बाप्तिस्म्याचा अर्थ तो असाच सांगत असे. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने आधीच येऊन माणसाला जागं करणारी कृपा, नीतिमान ठरवणारी कृपा आणि पवित्र करणारी कृपा अशी वाट दाखवली, आणि प्रार्थना, वचन, प्रभुभोजन यांना ‘कृपेची साधने’ म्हणून घट्ट धरायला सांगितलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत, विशेषतः चौदाव्या शतकातल्या ग्रेगरी पालामासपासून, कृपा म्हणजे खुद्द देवाचंच कार्यरत सामर्थ्य मानलं जातं, सूर्याच्या प्रकाशासारखं.

यापैकी एकही परंपरा असं म्हणत नाही की एकदा घ्या आणि मग आपलं आपण चालवा.

प्रार्थना करूनही दुखणं गेलं नाही. मग कृपा कुठे आहे?

पौलाच्या देहातला काटा काय होता ते त्याने सांगितलेलं नाही. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ (२ करिंथ १२:९). ‘आहे’ : वर्तमानकाळ. पुरे होती असंही नाही, पुरेल असंही नाही. उद्याच्या दुखण्याची कल्पना करून आज हातात पाहिलं तर हात रिकामाच दिसतो, कारण ती कृपा उद्याच्या दिवसाबरोबर यायची असते. ज्यांचं दुखणं जुनं आहे त्यांना मी हे शिकवत नाही. त्यांच्याकडूनच शिकलो आहे.

मला मिळालेली कृपा दुसऱ्यापर्यंत पोचली नाही तर?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला चाकर दहा हजार तालांताचं देणं माफ करून घेतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. हिशेब सहा कोटी दिवसांच्या मजुरीवर जातो. हा चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. शंभर दिनार ही काही थोडी रक्कम नव्हे, तीन महिन्यांची कमाई आहे. आपल्याविरुद्ध झालेला अपराध खोटा असतो असं येशू म्हणत नाही. पण तो चाकर दारातून बाहेर पडेपर्यंत आत काय झालं ते विसरला. मी एका जवळच्या माणसाशी कित्येक वर्षं बोलत नव्हतो, आणि त्या वर्षांत माझी प्रार्थना छतापर्यंतही जात नसे. एकदा फोन लावला, तिकडून ‘हं, बोल’ एवढंच आलं, आणि तेवढं पुरलं.

सकाळचीच वेळ का? माझी रात्रपाळी असते, सकाळी मी झोपतो.

तर मग झोपा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते आणि मग सकाळ. हिब्रू दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. म्हणजे माणूस दिवसाची सुरुवात झोपेने करतो. तो जागा होतो तेव्हा अर्धा दिवस देवाने आधीच सांभाळलेला असतो. मान्नाही असाच पडे, लोक झोपेत असताना, दवाबरोबर. तुमची पाळी संपल्यावर, बूट काढण्याआधी, दोन मिनिटं तिथेच बसून म्हणा, ‘आजची दे.’ तुम्ही ज्या घडीला उठाल ती तुमची सकाळ.